परीक्षकांनी न चाखलेला केक

आमच्या घरात सफरचंद आणि ब्रँडी या दोन्ही गोष्टी आजारपणातच येत. त्या दोन्ही घालून केक होतो हे मी कॉलेजच्या वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं आणि कृती वहीत उतरवून घेतली. परभणीत मी थोरल्या बहिणीकडे राहून शिकत होते. पालमकडच्या गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तेव्हा ताई नुकतीच बाळंत झाली होती, त्यामुळे घरात दोन्ही वस्तू होत्या.

स्नेहसंमेलनात पाककृतींची स्पर्धा होती. बक्षिसाचं मला फारसं अप्रूप नव्हतं, हे खरंच सांगते. तीन परीक्षक बायका प्रत्येक ताटातला घास खाणार होत्या, आणि त्यांनी माझ्या हातचं खावं एवढंच मला हवं होतं. आम्ही बौद्ध. आडनावावरून ते परभणीत कुणालाही कळे, आणि प्रत्येक ताटापुढे पूर्ण नावाची चिठ्ठी ठेवायची होती.

सफरचंदाच्या फोडी ब्रँडीत भिजवल्या, पातेल्यात वाळू तापवली, वर झाकणावर निखारे ठेवले. केक चांगला फुगला. थोडा एका बाजूला कलला होता.

परीक्षक आल्या. प्राचार्यांच्या पत्नी, एक वकिलीणबाई आणि एक डॉक्टरीणबाई. शेजारच्या मुलीच्या अंडाकरीवर तिघींनी ताव मारला. मग माझी चिठ्ठी वाचली. नाव वाचून झालं, तरी त्या कागदाकडेच पाहत राहिल्या.

"यात काय काय घातलंयस गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी एकेक सांगितलं. ब्रँडी म्हणताच त्यांनी हात मागे घेतला. "अगंबाई! आमच्याकडे दारूला कुणी शिवत नाही."

ब्रँडीची चिठ्ठी ताईला त्यांच्याच डॉक्टर यजमानांनी लिहून दिली होती. "थंडीत बाळंतिणीला चमचाभर द्या," असं त्यांनीच बजावलं होतं. हे मी तोंडावर बोलू शकले नाही. आणि खरं सांगायचं, त्या क्षणी मला त्यांचं म्हणणं पटलंसुद्धा. चूक माझीच, असं वाटलं. मी भाबडी होते की मूर्ख, हे अजून ठरवता येत नाही. बक्षीस समारंभ दुपारी चारला होता. "बिनब्रँडीचा करून आणते," असं म्हणून मी घराकडे पळत सुटले.

"आता काय करायलीस?" ताई बाळाला पाजत होती.

"सफरचंदं राहिलीत का गं?"

"दोन हायेत. घे की. मला लय कंटाळा आलाय त्यांचा."

कंटाळा आला नव्हता तिला. सालीसकट खायची ती. मी मात्र ते खरं मानल्यासारखं केलं, सफरचंदं घेतली आणि पुन्हा वाळू तापवली. घाईत एक बोट भाजलं. केक तळाला किंचित लागला, पण वास असा सुटला की बाळसुद्धा गप्प झालं, असं ताई म्हणाली.

साडेतीनला मी ताट घेऊन परीक्षकांपुढे उभी राहिले. "यात ब्रँडी नाही, बाई."

"आता पोटात जागाच नाही गं," प्राचार्यांच्या पत्नी म्हणाल्या. वकिलीणबाईंनी मान डोलावली आणि पलीकडच्या ताटातला रव्याचा लाडू उचलला. तो अख्खा खाल्ला. पोटातल्या जागेचा हिशेब बायका असा करतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

चार वाजता माझं नाव पुकारलं गेलं. माझ्या केकला उत्तेजनार्थ बक्षीस! पहिल्या केकला की दुसऱ्या, ते कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? दोन्ही त्यांच्या जिभेला सारखेच अनोळखी होते. टाळ्या वाजल्या. स्टीलची ताटली मी नाकारली, असं लिहायला आवडलं असतं. मी ती घेतली, वर वाकून नमस्कारही केला. त्या नमस्काराची मला अजून शरम वाटते.

मंडपाबाहेर डॉक्टरीणबाई स्वतःहून जवळ आल्या. "अगं, त्या केकची कृती दे ना लिहून. पुढच्या आठवड्यात यजमानांचे स्नेही यायचेत."

"बिनब्रँडीची?"

"पहिलीच दे. ब्रँडी आहे घरात."

मी वहीचं पान फाडलं आणि पेन उघडलं. प्रमाण तोंडपाठ होतं. दोन ओळी लिहिल्या आणि हात थांबला. कुठून बळ आलं कोण जाणे. शेजारी ठेवलेल्या ताटातला केकचा एक तुकडा उचलून मी त्यांच्यापुढे धरला.

"आधी एवढा खा, बाई. मग पुढचं लिहिते."



त्यांनी तुकड्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं. "वेडी आहेस का गं," त्या हसून म्हणाल्या. सायकलरिक्षा उभीच होती. त्या पदर सावरत तिच्यात बसल्या, आणि मी दोन ओळींचा कागद चुरगाळून तो तुकडा तिथेच, उभ्याउभ्या, खाल्ला.