टीव्हीचं विसर्जन

आमच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा मी त्याला ओवाळलं होतं. हसा खुशाल. लाकडी खोका, पुढं दोन सरकती दारं, काळं-पांढरं चित्र, आणि गच्चीवर अँटेना फिरवायला आमचे हे. हर्सूलकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत तेव्हा नुकतेच शेतांचे प्लॉट पडले होते. गल्लीत मोजकी घरं, बाकी बाभळी, आणि टीव्ही फक्त माझ्याकडं. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची. अख्खी गल्ली चपला बाहेर काढून आमच्या बैठकीत बसायची. मग मी न्हाऊन, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून ती दारं सरकवायची, गाभारा उघडावा तशी. पडद्यावर देव आले की म्हाताऱ्या हात जोडायच्या. त्यातला निम्मा नमस्कार आपल्याला आहे, असं मला मनापासून वाटायचं.

तेव्हाची ती बाई आज रस्त्यात समोर आली तर मी पदर तोंडाला लावून दुसऱ्या बाजूनं निघून जाईन.

पुढं रंगीत टीव्ही आला. जुन्याच्या पडद्यावर तोवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. भंगारवाला दारात आला आणि त्यानं टीव्ही पायानं जरा हलवून पाहिला. पायानं! मी त्याला असा हाकलला की पुन्हा वर्षभर आमच्या दारावरून तो हाळी न देता जायचा.

"अगं, नेत होता ना तो," हे म्हणाले.

"ज्यात देव दिसले, ते भंगारात घालायचं?"

"देव मुंबईहून यायचे. हा नुसता खोका."

"तुम्हाला काही पवित्र म्हणून आहे की नाही?"

"आहे ना. माझी कंबर. ते धूड मी एकटा उचलणार नाही."

भंगलेली मूर्ती, देवांचे तडे गेलेले फोटो आपण पाण्यात सोडतो. मी तोच नियम टीव्हीला लावला. गल्लीच्या टोकाला, जुन्या शेताची दगडी विहीर होती. प्लॉट रिकामा, मालक कुठं ते कुणाला ठाऊक नाही. एका दुपारी गल्ली झोपलेली असताना ह्यांनी हातगाडी ओढली, मी मागून अक्षतांची वाटी घेऊन. काठावर टीव्ही टेकवला, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि रीतसर 'पुनरागमनाय च' म्हणून ढकलून दिला. धप्पकन आवाज झाला. पारव्यांचा थवा उडाला. ह्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "आता सुतक किती दिवस?"

इथवर मी वेडी होते, एवढंच. वेड्या माणसाला लोक माफ करतात. पण एकदा वाट सापडली की पाय आपोआप तिकडंच वळतात. मिक्सर जळला, तो विहिरीत गेला. इस्त्री, ट्रान्झिस्टर, दोन टॉर्च, संपलेले सेल, सगळं त्याच वाटेनं. त्यात कुठं देव दिसले होते? मिक्सरमध्ये तर मी फक्त शेंगदाण्याची चटणी वाटली होती. मला बघून गल्लीतल्या बाकीच्यांनाही वाट सापडली. दिवाळीची साफसफाई आली की दुपारी विहिरीतून धप्प धप्प आवाज यायचे आणि आपापल्या घरात आम्ही सगळ्या साळसूदपणे करंज्या लाटत असायचो.

शेवटी गेली इन्व्हर्टरची बॅटरी. ती गळायला लागली होती. माझ्या चांगल्या साडीला तिनं भोकं पाडली. हे म्हणाले, "दुकानदार जुनी परत घेतो. उद्या रिक्षा आणतो."

"उद्यापर्यंत हे विष घरात ठेवायचं? पोरं हिंडतात इथं. उचला."

विष आहे हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर मी ते घराबाहेर काढलं. बारदानावर ओढत नेलं आम्ही. त्या दिवशी अक्षता वगैरे काही नाही.

त्यानंतर शहर आमच्या अंगावरून पुढं सरकत गेलं. बाभळींच्या जागी अपार्टमेंट उभे राहिले, गल्लीत गाड्या मावेनात. विहिरीचा प्लॉट एका कुटुंबानं घेतला. त्या घरच्या कर्त्याचं, भाईंचं, शहरात कूलरचं दुकान होतं. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणायची, ती मला वहिनी म्हणायची. त्यांनी विहिरीवर जाळी टाकली, शेजारी घर बांधलं. आत काय आहे हे मी तिला सांगितलं नाही. तसा विषयच कधी निघाला नाही म्हणा. म्हणजे मी निघू दिला नाही.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर आहे. नाव बदललं, पण नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हा प्रश्न काही बदलला नाही. त्या उन्हाळ्यात जायकवाडी तळाला गेलं. बोअरमधून नुसती हवा यायची. आम्ही सगळ्या टँकरच्या मागं ड्रम घेऊन पळायचो आणि एकमेकींचं वय विसरून भांडायचो.

एक दिवस भाभी आली. तिची धाकटी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. जालन्याला दिलेली, सातवा लागलेला.

"वहिनी, कुएं में पानी है. गहरा है, मगर है. गाळ निकाल के साफ करवाएंगे. पूरी गल्ली पिएगी, और मेरी बच्ची का भी हो जाएगा. टँकर के भरोसे जच्चा को कैसे बुलाऊं मैं?"

मी काय करायला हवं होतं, ते सांगायला नको. मी काय केलं? मी महिला मंडळाची सभा घेतली. वर्गणी, क्रेन, पंप, गाळ काढणारी माणसं, सगळं मी जमवलं. इतकी वर्षं झाली, सगळं गाळात रुतून मातीला मिळालं असेल, अशी माझी पक्की समजूत. 'विहिरी ही आपल्या पूर्वजांची देणगी आहे' असं भाषणही ठोकलं. निर्माल्य टाकणाऱ्यांना त्यात चांगलं झापलं. कामाला सुरुवात झाली तेव्हा नारळ माझ्याच हातून फुटला.

दोन दिवस नुसता काळा गाळ आला. मग क्रेनच्या टोपल्यातून काचेचं एक मोठं भोपळ्याएवढं डोकं वर आलं. लाकूड कुजून गेलेलं, टीव्हीची नळी मात्र साबूत. पुनरागमन म्हणतात ते हे. मी सगळ्यांबरोबर "अरे देवा, काय टाकतात लोक!" असं म्हणाले. आवाजही बरा लागला होता. मग इस्त्र्या आल्या, टेपरेकॉर्डर आले, वायरींची गुंतवळ, फोन, आणि खालचा भाग फुटलेली बॅटरी. प्रत्येक वस्तू कुणीतरी ओळखत होतं आणि सगळ्या बायका आभाळाकडं बघत होत्या.

पुढच्या खेपेला मिक्सरचं स्टीलचं भांडं आलं. गाळ काढणाऱ्या माणसानं ते पाण्यानं खळबळलं, उन्हात धरलं. घरात आलेल्या प्रत्येक भांड्यावर मी नाव घालून घ्यायची. चमच्यावरसुद्धा. त्यानं माझं नाव वाचलं, 'सौ.'पासून गावापर्यंत, मोठ्यानं.

"कोण हो ह्या बाई? भांडं सापडलं म्हणा त्यांचं!"

मी तिथंच होते, दोन पावलांवर, गाळ काढणाऱ्यांना चहा वाटत.

बायकांनी पुन्हा आभाळाकडं बघितलं. मग भाभीच हसली. "तो क्या हुआ! वहिनी नीचे चटनी पीसने जाते होंगे. ऊपर पानी कहां है?"

सगळी गल्ली खो खो हसली. मीही हसले. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी भांडून मोकळी झाले असते, भांडायला मी काही कमी नाही. पण ती मला सावरून घेत होती. आणि माझी नजर त्या फुटक्या बॅटरीवर होती.

त्या ढिगाऱ्याला मालक कुणी नव्हता. नाव फक्त माझं निघालं, म्हणून ढीग माझ्या अंगणात आला. घंटागाडीवाला म्हणाला, "आजी, हे आमच्यात बसत नाही." एक भंगारवाला तयार झाला, पण नळी फोडून आणि वायरी मोकळ्या प्लॉटवर जाळून त्याला फक्त तांबं हवं होतं. माझी सून आडवी आली. त्या काचेत शिसं असतं, बॅटरीत तर त्याहून जास्त, वायरींचा धूर पोरांच्या छातीत जातो, तिनं मला कुकरसमोर उभं करून समजावलं. मग फोन करून करून तिनं चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत असल्या वस्तू रीतसर मोडून सुट्या करणारा, परवानगी असलेला एक कारखाना शोधला. बॅटरी मात्र बॅटरीच्या दुकानातच परत द्यायची, ती तिथून बरोबर पोचते. इतक्या वर्षांपूर्वी हे म्हणाले होते, अगदी तेच.

टेम्पो आला तेव्हा सून म्हणाली, "आई, विसर्जनाला चला. अक्षता घेऊ का?"

पोरगी माझ्याच वळणावर गेलीय.

विहिरीला पाणी चांगलं लागलं. निवळलं, काचेसारखं. सुनेनं हट्टानं बाटली भरून तपासणीला दिली. भाभी रोज विचारायची, "आया क्या?" तिनं मुलीसाठी खोली रंगवली होती, नवी बाज विणून घेतली होती.

कागद आला तो मी वाचला आणि मीच तिच्या घरी घेऊन गेले. ती स्वयंपाकघरात लसूण सोलत होती.

"भाभी, पाण्यात शिसं आहे. झाडांना चालेल, संडासाला चालेल. प्यायला नाही, स्वयंपाकाला नाही."

"उबालके?"

"उकळून जात नाही ते. पोटातल्या बाळाला तर फार वाईट."

तिनं हातातली लसणाची पाकळी सोलून पूर्ण केली. बॅटरी कुणाची, हे तिनं विचारलं नाही. गल्लीत तोवर कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

"माझी टाकी आहे ना," मी म्हणाले. "माझं पाणी मुलीला. मी रोज आणून देईन."

"आपके घर में कौन सी नदी बहती है, वहिनी?"

हे म्हणताना मात्र ती हसली नाही. तिनं हात धुतले, थोड्याशाच पाण्यानं, बोटांची फक्त टोकं. मग माझ्यासमोरच फोन लावला. मी उठायला लागले तर हातानंच बस म्हणाली.

"हां बेटा... नक्को आ. वहीं करा ले, सास अच्छी है तेरी. मैं आऊंगी ना उधर... हौ, साफ किये थे. पानी नहीं लगा, क्या करते. सूखा निकला कुआं."

पलीकडून मुलीचं रडणं मला ऐकू येत होतं. भाभी माझ्याकडं न बघता "सूखा निकला बेटा, बिलकुल सूखा" असं पुन्हा पुन्हा सांगत होती. आणि तिच्या खिडकीतून विहिरीवरचा पंप दिसत होता. आमच्याच गल्लीतलं कुणीतरी कुंड्यांसाठी पाणी भरत होतं. बादली भरून वाहत होती.