मायच्या हातातली छडी

बाईनं तारेचा ब्रश माझ्या पायावर फेकला.

"हे पिवळे डाग घासून काढ. अन् खालचे काळेही. रक्ताचे असतीन. मले तर शिसारी येऊन राहिली."

अकोल्याच्या जठारपेठेतला बंगला. तिथं मी नऊ वर्षं स्वयंपाक आणि धुणीभांडी करत होते. साहेब इमारतींचे ठेकेदार. त्या सकाळी परतवाड्याकडून टेम्पो आला. चार गड्यांनी पोत्यात गुंडाळलेलं एक लाकूड आत आणलं, दिवाणखान्यात पांढऱ्या फरशीच्या ओट्यावर उभं केलं, खालून नट आवळले. मग पोतं काढलं.

आत मुंडा होता.

मुंडा म्हणजे काय, ते सांगते. आम्ही कोरकू, मेळघाटातले. आमच्यात माणूस मेलं की ते लगेच पितरांत जात नाही, भटकत राहतं. मग घरचे सिडोली करतात. उभ्या सागाला आधी विचारायचं, मग तोडायचं. त्या लाकडावर चंद्र-सूर्य कोरायचे, मेलेल्याला घोड्यावर बसवायचं. हळद लावायची, कोंबडं कापायचं. तो खांब गावाबाहेर आंब्याखाली रोवला की माणूस पोचलं. त्यानंतर त्या खांबाला आम्ही नात्यानं हाक मारतो. बाबा म्हणतो, आजी म्हणतो.

मी ब्रश उचलला नाही. लाकडात कोरलेल्या घोड्यावर एक बाई बसलेली होती. तिच्या हातात छडी होती. अर्धीच, मोडलेली.

तशी छडी आमच्या साऱ्या डोंगरात दुसऱ्या कुठल्या मुंड्यावर नाही. ती माझी माय होती.

"ऐकू येत नाही का वं?" बाई म्हणाली.

"हे मी घासत नाही," मी म्हणाले. एवढंच, आणि तेही खालच्या आवाजात.

तिनं पायातली चप्पल काढून माझ्या तोंडावर मारली. कानात शिटी वाजली. ओठ दातावर फाटला.

"दुपारी पाव्हणे हायेत. नखरे तुह्या गावाकडं."

आणि मी घासलं. हे लपवणार नाही. मी खाली बसले आणि मायच्या अंगावरची हळद तारेनं खरवडली. कोंबड्याचं रक्त खरवडलं. माझ्या ओठातलं रक्त घोड्याच्या पायावर पडलं, तेही पुसलं. नऊ वर्षांत हाताला सवय लागली होती. हात माझ्याआधी वाकले.

आता छडीचं सांगते.

मी आश्रमशाळेत चौथीत होते. गुरुजी खालच्या मुलखातले. वर्गात मराठीच बोलायची, नाही तर मार. एक दिवस मला ताप होता. घसा सुकला होता. शेजारच्या पोरीला मी कोरकूत पाणी मागितलं. गुरुजींनी ऐकलं. आधी दोन्ही हातांवर मारलं. मग पाठीवर. मग एका पाटीवर 'जंगली' लिहून ती सुतळीनं माझ्या गळ्यात अडकवली आणि मला अंगणात उन्हात उभं केलं. ते वाचायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

कुणीतरी घरी निरोप दिला. माय तीन कोस जंगल तुडवत आली. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिनं माझ्या गळ्यातली पाटी काढून जमिनीवर आपटली. गुरुजींनी तिच्या दंडावर छडी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मायनं छडी धरली, ओढली, गुडघ्यावर मोडली, आणि हातात राहिलेली अर्धी त्यांच्या तोंडावर हाणली. त्यांचा एक दात पडला. मी तो पाहिला.

माझी शाळा तिथं संपली.

चार दिवसांनी गुरुजींची माणसं आली. मायला मारत गावाच्या मधोमध आणलं. हात जोडून माफी माग म्हणाले. तिनं हात जोडले नाहीत. मग तिच्या डाव्या पायावर कुऱ्हाडीचा दांडा मारत राहिले, हाड मोडेपर्यंत. तिचे हात मोकळे होते. तरी जोडले नाहीत. पुढं ती मरेपर्यंत लंगडत चालली. अर्धी छडी घराच्या वळचणीला खोचलेली असायची. पाहुणे आले की ती दाखवायची आणि हसायची.

ती गेली, तेव्हा मोठ्या भावानं मुंडा कोरला. गावात काही जणांनी नाक मुरडलं. बाईला घोड्यावर कोण बसवतं, आणि हातात छडी कशाला? भाऊ म्हणाला, "हातात छडी नसली तर पितर तिला ओळखतील कसे?"

नंतर सरकारनं वाघांसाठी आमचं गावच उठवलं. जंगलातून खाली, अकोटकडच्या काळ्या मातीत आणून वसवलं. भांडी आणली, गुरं आणली, दारं-चौकटी आणल्या. मुंडे आणले नाहीत. रोवलेला मुंडा उपटत नाहीत. मेलेल्याला उठवून नेत नाहीत. दरवर्षी आम्हीच वर जायचं, असं ठरलं. दोन वर्षांमागं गेलो, तर आंब्याखाली अकरा खड्डे होते. अकराही मुंडे कुणीतरी खणून नेले होते. भाऊ मायच्या खड्ड्याशी बसला आणि त्यात हात घालून माती चाचपत राहिला. आम्ही दहा ठिकाणी विचारलं. कुणाला काही ठाऊक नव्हतं.

आणि आता माय जठारपेठेत होती. घासूनपुसून. तिला तेल लावून मीच चमकवलं होतं.

दुपारी पाहुणे आले. मी स्वयंपाकघरात आलं-लसूण कुटत होते. साहेब बाहेर सांगत होते, "दीडशे वर्षं जुना पीस हाय. आता असं काम करणारा मानूस राह्यला नाही."

करणारा जिवंत आहे. अकोटकडे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचतो.

"हातात काय हाय हिच्या? चाबूक?" एकानं विचारलं.

"राणी असंन त्याईची एखादी," दुसरा म्हणाला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून मायच्या डोक्यावर अडकवली. सगळे हसले.

साहेबांनी मला हाक मारली. मी तशीच गेले. बत्ता हातात राहिला होता.

"हे त्याईच्यातलीच हाय," साहेब पाहुण्यांना म्हणाले. "ये वं. पदर घे डोक्यावर. खांबाजवळ उभी राह्य, फोटो काढू."

मी उभी राहिले.

"हास ना जरा. मयतीले आली का?"

पुन्हा हसणं झालं. मग साहेब म्हणाले, "तुमचा तो नाच करून दाखव. दोन फेऱ्या मार याच्याभोवती."

मी हलले नाही. त्यांनी माझा रिकामा हात मनगटापाशी धरून पिरगाळला. दोन बांगड्या फुटल्या, काच आत गेली.

"काहून वं? पायाले लकवा मारला का?"

मी त्यांना कोरकूत सांगितलं, ही माझी माय आहे, हिला हात लावू नका. मराठी त्या वेळी तोंडात आलीच नाही.

"मानसाच्या भाषेत बोल," साहेब म्हणाले.

मी बत्ता उचलला आणि त्यांच्या मनगटावर घातला. लोखंडी बत्ता होता, सारी ताकद लावून घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. साहेब खाली बसले. मी दुसऱ्यांदा उचलला तोवर कुणीतरी माझ्या पाठीत लाथ घातली. मी पडले, ती मायच्या अंगावर. दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली. मग त्यांनी मला किती मारलं, ते मोजलं नाही. बाईनं केस धरले. पाहुण्यांनी बुटांनी बरगड्या तुडवल्या. दोन मोडल्या. मी खांब सोडला नाही. एकेक बोट उलटं वाकवून त्यांना माझे हात सोडवावे लागले.

ठाण्यात तक्रार लिहिली गेली. मालकावर हल्ला, आणि किमती वस्तू चोरण्याचा प्रयत्न.

"हे लाकूड तुह्यं कोन लागते?" हवालदारानं विचारलं.

"माय."

"माय लाकडाची अन् पोरगी लोखंडाची," तो म्हणाला. बाकीचे हसले, म्हणून त्यानं ते परत एकदा म्हटलं. मग माझ्या थोबाडीत मारली आणि खरं सांग म्हणाला. मी परत माय म्हणाले. त्यानं परत मारली. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा तो कंटाळला.

मुंडा जप्त झाला. आता तो ठाण्याच्या आवारात पत्र्याच्या कडेला, अपघाताच्या मोडक्या गाड्यांत उभा आहे. मायच्या गळ्यात सुतळीनं एक पुठ्ठा बांधलाय, गुन्ह्याच्या नंबराचा. तो मी पाहिला तेव्हा मला माझ्या गळ्यातली पाटी आठवली.

मी जामिनावर सुटून भावाकडे आले. आठ दिवसांनी साहेबांचा माणूस एक कागद घेऊन आला.

"सही करून टाक, माय. केस मिटते. खांबही तुमाले देऊन राह्यले साहेब."

भाऊ कोरकूत म्हणाला, "कर सही. ती तिथं उन्हात उभी आहे. ती परत भटकायला लागली असेल."

मी कागद घेतला. चौथीपर्यंतचं वाचन आहे माझं. अक्षराला अक्षर लावत वाचलं. मी लोभापायी हल्ला केला, मला माफ करावं. सदर खांब साहेबांच्या मालकीचा असून ते तो आदिवासी बांधवांना भेट देत आहेत.

भेट.

मी भावाला अर्थ सांगितला. यावर सही केली तर माय साहेबांची होती असं लिहून दिल्यासारखं होतं. मग तो आंबा कुणाचा, ते खड्डे कुणी खणले, हे पुढं कुणी विचारणार नाही. एक माय घरी येईल. दहा जण कुणाकुणाच्या दिवाणखान्यात टोप्या सांभाळत उभे राहतील. त्यात आमचा आजा आहे. शेजारणीचं सहा वर्षांचं लेकरू आहे, त्याचा घोडाही लहानच कोरलेला आहे.

"मायनं हात जोडले असते तर पाय वाचला असता," भाऊ म्हणाला.

"मग तू छडी कशाला कोरली?" मी विचारलं.

तो उठून बाहेर गेला. कागद मी फाडला नाही. ठेवलाय. त्यावर साहेबांची सही आहे, खांब आपला असल्याची. तो मी वकिलाला दाखवला. वकील म्हणाला, मग तो आणला कुठून, हे त्यांना कोर्टात विचारता येईल.

आता तारखा पडतात. प्रत्येक तारखेला अकोल्याला आले की मी आधी ठाण्यात जाते आणि मायला हळद लावते. हवालदार ओरडतो. मी लावून होईपर्यंत तिथून हलत नाही. मागच्या तारखेला भाऊही आला. माझ्याशी बोलला नाही. कंबरेची कोरायची पटाशी काढून त्यानं ब्रशनं झिजलेल्या छडीच्या रेघा पुन्हा खोल केल्या.

न्यायाधीश विचारतील, मारलं का. मी हो म्हणेन. चूक झाली का विचारतील. नाही म्हणेन. तुरुंगात टाकलं तर जाईन. पण आधी साहेबांना तिथं उभं राहून सांगावं लागेल की माझी माय त्यांना कुणी आणून दिली आणि उरलेले दहा कुठं आहेत. ते कळल्याशिवाय मी खाली बसणार नाही आणि हात जोडणार नाही.

हे सारं मी आधी कोरकूत सांगेन. मग मराठीत सांगेन. मराठी मला नीट येते. मारून शिकवली आहे.