जाळण्यासाठी बांधलेलं घर

माझा मामा सुतार. आयुष्यभर त्यानं सिनेमांचे सेट उभारले. पुढून राजवाडा, मागून नुसत्या फळ्या. त्यामुळे दिग्दर्शक म्हणाला, "मला खरं घर हवंय, चारही बाजूंनी. शेवटी ते पेटवायचंय," तेव्हा मामाला त्यातलं दुसरं वाक्य बहुतेक ऐकूच आलं नाही.

जागा जंगलाच्या पार पोटात. गाडीरस्ता नदीपाशी संपायचा. पुढे वासे, दारं, खिडक्या, सगळं माणसांच्या खांद्यावरून. धुकं उतरलं की हातातला हातोडा दिसत नसे. नटमंडळी तापानं फणफणली, स्वयंपाकी न सांगता पळाला. मामा मात्र रमला. फोनसाठी टेकडी चढावी लागे. धापा टाकत तो मामीला खिडक्यांचंच वर्णन करी.

मामीचा संसार भाड्याच्या दोन खोल्यांतला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत तेवढी दिसायची. ती म्हणाली, "अहो, मला एकदा दाखवा की ते घर."

"अगं, रस्ता कसला आहे माहितीये का? पूर्ण तर होऊ दे, मग आणतो."

घर पूर्ण झालं. उन्हाची वाट बघत आठवडाभर तसंच उभं राहिलं. त्याच आठवड्यात सामानाची गाडी येणार होती, तिच्यात जागाही होती. पण मामाला वाटलं, जिन्याच्या कठड्यावर अजून एक हात फिरवू, मग बोलावू. आणि एका सकाळी आभाळ निवळलं. दिग्दर्शक ओरडला, "आजच! असा उजेड पुन्हा मिळायचा नाही."

घर पेटवलं. वारा फिरला आणि धुराचा लोट थेट कॅमेऱ्यावर आला. दुसरा कॅमेरा थंडीनं ऐनवेळी बंद पडला. हाती लागला तो नुसता धूर. दिग्दर्शक दगडावर बसला तो बसलाच. पुन्हा बांधायला ना लाकूड उरलं होतं, ना कुणाच्या अंगात त्राण. सिनेमा तिथेच बारगळला.

मामा घरी आला. मामीनं विचारलं, "कसं होतं हो?"

तो फरशीवर बोटानं आखत सांगू लागला. इथे ओसरी, इथे जिना, इथून नदी दिसायची.

"छानच असणार," म्हणत मामी चहा ठेवायला उठली.

पुढे मामानं सेटची कामं सोडली. लोकांची कपाटं करत राहिला. स्वतःचं घर काही झालं नाही. मामी वारल्यानंतर एकदा मला म्हणाला, "सिनेमा बुडाला त्याचं काही नाही रे. घर तर जळणारच होतं. पण ती आली असती. चिखल तुडवत आली असती. मीच 'मग, मग' करत राहिलो."