एका शतावरीचे तीन राखणदार

जगात कुणावरही विसंबू नये, या एका गोष्टीवर आमचे बंगळूरचे घरमालक डोळे मिटून विसंबून होते. पत्र पेटीत टाकलं की पेटीच्या तोंडात बोटं घालून ते खाली पडलंय का, हे चाचपायचे. दाराचं कुलूप तीनदा ओढायचे आणि बसथांब्यावरून चौथ्यांदा ओढायला परत यायचे. घराणं मूळचं मराठी, पण तीन पिढ्या तिथलंच; सगळे त्यांना अण्णा म्हणत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला गेलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो. खोली देताना त्यांनी माझ्यादेखत खिडकीचे गज मोजले होते. मी ते विकून खाईन अशी भीती असावी.

पण अण्णांचा सगळा जीव होता पायरीजवळच्या एका कुंडीत. त्यांच्या गेलेल्या पत्नीने लावलेली शोभेची शतावरी होती ती. पिसासारखी बारीक पानं, फुंकर मारली तरी हलणारी. दुपारच्या उन्हात तिच्यावर जुनी छत्री, पिवळी काडी दिसली की बुडाशी कात्री. पाणी मात्र मातीत बोट खुपसून, कोरडी लागली तरच. "मुळांना गाठी असतात हिच्या, पाणी साठवून ठेवते ती. स्वल्प स्वल्प द्यायचं," असं मला बजावायचे, जणू मी तांब्या घेऊन टपलोच होतो.

एकदा मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांना महिनाभर हुबळीला जावं लागलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "रोज सकाळी अर्धा तांब्या. बोटबीट घालू नका, तुमच्या बोटाचं काय खरं! विचार करायचा नाही, घालायचं. आणि कुणाला बोलू नका." मी धन्य झालो. महिनाभर न चुकता घातलं. माती ओली असायची, पाचसहा दिवसांत ती चिकचिकीत झाली, काड्या पिवळ्या पडू लागल्या. मला वाटलं, पाणी कमी पडतंय की काय.

अण्णा परतले तेव्हा शेजारच्या निवृत्त टीचरबाई आणि दारावर मोगरा विकणारी फुलवाली, दोघी पायरीशी आल्या. "तुम्ही सांगितलंत तसं मी रोज दुपारी घातलं हो अण्णा," टीचरबाई म्हणाल्या. "मी सांजेला," फुलवाली म्हणाली. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णांनी काड्या धरल्या, तर त्या मुळासकट अलगद हातात आल्या. गाठी सडून मऊ झाल्या होत्या.

"माती ओली दिसली नाही तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

"दिसली, अण्णा."

"मग?"

"विचार करू नका, म्हणाला होतात."

ते पायरीवर बसले. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच कानडीत म्हणाले. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. चूक त्यांची, असं मी कितीतरी दिवस मनाशी घोकलं. पण ओली माती मला दिसली होती, आणि टीचरबाईंचं दार दहा पावलांवर होतं. त्यांना एका शब्दाने विचारलं नाही, याची आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी अण्णा पुन्हा हुबळीला गेले. या वेळी घराची किल्ली फक्त माझ्याकडे दिली. दुसऱ्या कुणालाही काही सांगितलं नव्हतं. मी टीचरबाईंना आणि फुलवालीला विचारून खात्री करून घेतली. कुलूपही त्यांनी एकदाच ओढलं. मी पायरीपर्यंत पोचवायला गेलो आणि सहज विचारलं, "अण्णा, तुमच्या मागे काही बघायचंय का?"

"काही नाही," ते रिकाम्या कुंडीकडे बघत म्हणाले, "आता काय बघायचं?"