सुनेला दिलेले चेहरे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान आहे. दुकानाला पाटी आहे, पण ती वाचून आत कुणी येत नाही. लोक मास्टरांकडे येतात. दोन फिरत्या खुर्च्या, समोर लांबलचक आरसा आणि बाजूला एक मोठी खिडकी. रस्त्यावरच्यांनी आत डोकावू नये म्हणून तिच्या काचेला अर्ध्यापर्यंत पांढरा रंग दिलेला. मास्टरांची जीभ कात्रीच्या वरताण चालते, पण आजवर कुणाच्या कानाला ओरखडा आलेला नाही. मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. पुढचं बरंचसं मला त्या खुर्चीतच, मान खाली घालून ऐकायला मिळालं. काही मी डोळ्यांनी पाहिलं.

मास्टरांना कशाचा म्हणून गर्व नव्हता. सून घरात आली आणि ते बदलले. दाढीला साबण लावता लावता सुनेचा विषय निघायचाच. "माझी सून फोटो काढते बरं का. मोबाइलवर नाही, खऱ्या कॅमेऱ्यावर!"

सून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसायची. दिवसभर कानाला फोन आणि समोर कोरी भिंत. पलीकडून लोक तावातावाने बोलायचे, ही शांतपणे म्हणायची, "तक्रार नोंदवून घेतली आहे." सुट्टीच्या दिवशी मात्र जुना, कुणाकडून तरी घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवायची आणि बाहेर पडायची. नवरा तिचा इलेक्ट्रिशियन, महिन्यातले निम्मे दिवस परगावी कामावर. त्यामुळे तिच्या कॅमेऱ्याचं कौतुक करायचं काम सासऱ्यांनी आपल्या अंगावर घेतलं होतं.

तिचा वाढदिवस आला तेव्हा मास्टर फोटोच्या सामानाच्या दुकानात गेले. काचेच्या कपाटात लेन्स मांडून ठेवल्या होत्या. एका लेन्सकडे बोट दाखवून त्यांनी किंमत विचारली आणि बोट हळूच मागे घेतलं. मग परवडेल असं काय आहे, याचा शोध सुरू झाला. शेवटी लेन्ससारखा दिसणारा एक चहाचा मग घेऊन ते घरी आले.

सुनेने तो हातात घेतला, झाकण काढलं आणि खळखळून हसली. "बाबा, किती छान आहे!"

सासूबाई मात्र फटकळ. "अहो, पोहणाऱ्याला पाण्याची बाटली द्यावी तशातली गत झाली तुमची."

हे मास्टरांच्या मनाला लागलं. पुढच्या वाढदिवसाला त्यांनी तीन पायांचं स्टँड आणलं. दिसायला झकास, पण कॅमेरा वर चढवताच त्याचा एक पाय असा काही वाकला, की सासूबाई म्हणाल्या, "घेऊन आलंय वाटतं थोडी." कॅमेरा सुनेने वरच्यावर झेलला म्हणून वाचला.

मास्टर स्टँड परत करायला गेले. दुकानदार भला माणूस होता. त्याने कुरकुर न करता ते परत घेतलं आणि विचारलं, "सूनबाई फोटो कशाचे काढतात?"

मास्टरांच्या लक्षात आलं, एवढी वर्षं गावभर सुनेचं गुणगान केलं, पण ती काढते काय हे कुठं नीट बघितलं होतं? तिने दाखवलं की 'वा वा' म्हणायचं, एवढंच.

"आधी ते बघा," दुकानदार म्हणाला. "तिला काय कमी पडतंय ते कळलं, की वस्तू आपोआप सुचेल. आणि कधी कधी ती माझ्या दुकानात नसतेच."

त्या संध्याकाळी मास्टर चष्मा लावून सुनेच्या शेजारी बसले. "सगळे फोटो दाखव. घाई करू नकोस."

सून एकेक फोटो पुढे सरकवत गेली. ओली भिंत, खिडकीतली मांजर, जिन्यावर पडलेली उन्हाची तिरीप. मग माणसं आली. बाकावर बसलेला माणूस, पाठमोरा. पिशव्या घेऊन चाललेली बाई, पाठमोरी. बसच्या रांगेतले सगळेच पाठमोरे.

मास्टर एकदम पुढे झुकले. "अगं, हे तर बेकरीवाले!"

"कशावरून?"

"मान माझ्या हातची आहे. आणि डावीकडे तो भोवरा बघ, कितीही दाबा, उठतोच. हे बँकेतले शिपाई. आणि हे... हे माझ्याकडे येत नाहीत. कुणीतरी वाटच लावलीय डोक्याची."

सून पोट धरधरून हसली. मास्टरही हसले, पण त्यांची नजर फोटोंवरच होती.

"एक विचारू का? सगळ्यांच्या पाठीच का गं?"

सुनेचं हसू मावळलं. ती कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मला चेहरेच काढायचे असतात, बाबा. दिवसभर नुसते आवाज ऐकते ना मी. बोलणारा माणूस कसा दिसत असेल, हेच डोक्यात घोळत असतं. पण रस्त्यात जाऊन 'तुमचा फोटो काढू का' असं विचारायची हिंमतच होत नाही. मग माणूस पुढे गेला, की मागून काढते."

मास्टरांपुरता प्रश्न सुटला होता. तिला जे कमी पडत होतं, ते त्यांच्या दुकानात रोज चालत येत होतं आणि खुर्चीत बसून हनुवटी वर करत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोहीम उघडली. गळ्याभोवती पांढरा कपडा बांधला, की माणूस तसाही कुठं पळून जाऊ शकत नाही. "दुकान बंद असतं त्या दिवशी सकाळी या. सून फोटो काढणार आहे. तुमचा चेहरा फक्त द्यायचा, डोकं घरी ठेवलंत तरी चालेल." कुणी लाजलं, कुणी म्हणालं, "या वयात आमचे फोटो कशाला?" त्यावर मास्टर आरशात बघत म्हणायचे, "मी रोज बघतो हा चेहरा. बघण्यासारखा आहे." असं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मलाही नाही म्हणवलं नाही.

वाढदिवस होऊन गेला होता, पण दुकान बंद असलेल्या त्या सकाळी ते सुनेला दुकानात घेऊन गेले. बाकावर आम्ही सगळे दाढ्या करून, इस्त्रीचे कपडे घालून ओळीने बसलो होतो.

"हे काय, बाबा?"

"तुझी भेट. बांधायला कागद पुरला नाही."

सून दारातच थबकली. बावरली असेल, असं आम्हाला वाटलं. पण तिची नजर खिडकीकडे गेली. पांढऱ्या काचेतून गाळून आलेला मऊ उजेड खुर्चीवर पडला होता. ती हलक्या आवाजात म्हणाली, "असा उजेड विकत मिळत नाही, बाबा." आणि कॅमेरा पिशवीतून बाहेर आला.

इथं कुणाला काही विचारायचंच नव्हतं, विचारणं मास्टरांनी उरकून ठेवलं होतं. चेहऱ्याची एक बाजू काळोखी येते असं ती म्हणाली, तेव्हा मास्टरांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचा कपडा दोन्ही हातांनी पसरून धरला. त्यावरून उजेड उलटून गालावर पडला. मग काय, 'बाबा, थोडं वर', 'बाबा, डावीकडे' करत तिने सासऱ्यांना पार नाचवलं. बेकरीवाले म्हणाले, "मास्टर, कपडे वाळत घालायचा धंदा बरा चाललाय तुमचा." ते हसले आणि तिने नेमका तो क्षण टिपला.

मग खुर्चीत आले चौथ्या मजल्यावरचे आजोबा. जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर काम केलेला, ताठ आणि कडक माणूस. ओळखपत्राच्या फोटोला बसावं तसे बसले. तोंडाची घडी काही उलगडेना.

"लवकर आटपेल ना?" ते गुरकावले. "का त्या पाण्याच्या कचेरीसारखं इथंही नुसतं नोंदवून घेणार?"

सुनेने कॅमेरा खाली घेतला. "तुम्ही... चौथा मजला. पाणी वर चढत नाही."

आजोबांनी डोळे बारीक केले. "म्हणजे ती 'तक्रार नोंदवून घेतली आहे' तूच का?"

मास्टर हातातला कपडा तसाच धरून उभे. कचेरीवर या आजोबांनी केलेला आगपाखडीचा कार्यक्रम आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी ऐकला होता.

"हो, मीच," सून म्हणाली. "रोज तुमचा फोन आला, की वाटायचं, एवढा मोठा आवाज आहे, माणूस केवढा असेल!"

आजोबांनी स्वतःच्या किरकोळ देहाकडे पाहिलं. मग आधी खांदे हलले, मग मिशा, आणि ते असे हसत सुटले की पडलेल्या दाताची खिंडसुद्धा उजेडात आली. सून थांबली नाही, फोटो काढत राहिली. नंतर ते बोलायला लागले. बायकोचे गुडघे गेलेत, खालून पाणी मीच भरून आणतो, जिन्यात दोनदा बसतो. बोलता बोलता चेहरा निवळत गेला. तिने तोही फोटो घेतला.

त्यातले दोन फोटो छापून ती कचेरीत गेली आणि इंजिनियरांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, हे चौथ्या मजल्यावरचे. कागदावर यांची तक्रार बरेच दिवस आहे." पाणी काही लगेच आलं नाही. पण बघायला माणूस आला, पूर्वी तोही येत नव्हता. पुढे व्हॉल्व्ह बदलला आणि आजोबांनी फोन केला. ओरडायच्या सवयीनेच ओरडले, "आलं गं पाणी!"

बंद दुकानातल्या त्या सकाळी पुढे वर्षभर चालल्या. वाचनालयाचे ग्रंथपाल मास्टरांकडेच केस कापायचे, त्यांनी वाचनालयाचा हॉल देऊ केला. भिंतीभर आमचे चेहरे लागले. मास्टर दाराशी उभे होते आणि येईल त्याला सांगत होते, "सगळे माझ्या सुनेने काढलेत. एकही पाठमोरा नाही!" सासूबाई शेवटपर्यंत थांबल्या, आणि त्या दिवशी एकदाही टोमणा मारला नाही. आजोबांच्या फोटोसमोर उभं राहून फक्त म्हणाल्या, "अहो, या खेपेला जमलं तुम्हाला."

यानंतरचंही मी स्वतः पाहिलं. एकदा मास्टर आणि मी बाजारातून परत येत होतो. रस्त्याच्या पलीकडे त्यांची सून, गळ्यात कॅमेरा. समोर एक अनोळखी बाई, फळांच्या गाडीमागे उभी. सून पुढे झाली, थबकली, पुन्हा पुढे झाली. शब्द आम्हाला ऐकू आले नाहीत. ती हाताने कॅमेरा दाखवत काहीतरी विचारत होती. बाईने आधी नाही म्हणून मान हलवली. सून मागे फिरली नाही, आणखी काहीतरी बोलली. बाई हसली, ओढणी सारखी केली आणि तिच्याकडे तोंड करून उभी राहिली.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तर मास्टरांनी माझा दंड धरला. "थांबा," ते म्हणाले. "तिचं चाललंय."

मग मला घेऊन ते पाठीमागच्या गल्लीने निघाले. घर त्या वाटेने लांब पडतं. पण त्या दिवशी मास्टर वाटभर छाती काढून चालत होते आणि एरवी क्षणभर न थांबणारी त्यांची जीभ चक्क गप्प होती.