लाइन चार, नंबर सात

माझ्या नवऱ्याच्या बहिणीला मी लग्नानंतर पहिल्या दिवशी ताई म्हणून पाहिलं. "ताई मला माझा भाऊ म्हणतो. तू दुसरा नंबर घे," त्या म्हणाल्या. मग वन्सं. हा शब्द आता कुणी वापरत नाही, पण आमच्या घरात तो तेवीस वर्षं बिनबोभाट चालू आहे. वन्संही तेव्हा होत्या तशाच आजही आहेत: उंच, सडपातळ, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या आणि कुणाचं ऐकायचं नाही हे आधीच ठरवून बसलेल्या.

एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पुढ्यात भोकाभोकांचा भला मोठा बोर्ड, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत वायरी. फोन करणाऱ्यानं नुसतं "हॅलो" म्हटलं की कोण ते त्यांना कळायचं. आवाजावरून माणूस ओळखायचा, त्याला कोण हवंय ते हेरायचं आणि वायर खुपसायची. गावातली भांडणं, सोयरिकी, कुणाचे रुसवे, कुणाच्या आणाभाका, सगळं त्यांच्या कानावरून गेलं आणि पोटात राहिलं. अजूनही त्यातलं अवाक्षर काढत नाहीत. मी खूप खोदून पाहिलंय.

मग यंत्रं आली, बोर्ड गेला आणि वन्सं निवृत्त होऊन घरी आल्या. महिनाभर त्यांनी आम्हाला जोडायचं काम केलं. म्हणजे मी स्वयंपाकघरातून ह्यांना हाक मारली की त्या मधल्या खोलीतून "चहा हवाय का त्याला, विचारते" म्हणायच्या. मला वेड लागायची पाळी आली. मीच एक दिवस म्हटलं, "वन्सं, मागचं परसू रिकामं पडलंय. तिथं काहीतरी लावा." माझ्या आयुष्यातला हा एक शहाणपणा.

परसू पंधरा पावलं लांब आणि अकरा पावलं रुंद. त्यात वन्संनी पाच वाफे काढले. वाफा म्हणायचं नाही, लाइन म्हणायचं. लाइन एकमध्ये टोमॅटो, दोनमध्ये वांगी आणि मिरच्या, तीनमध्ये मांडवावर काकडी आणि घेवडा, चारमध्ये कलिंगडं, पाचमध्ये भोपळा. कोपऱ्यातलं अंजिराचं झाड लांब पडायचं, म्हणून तो ट्रंक कॉल. प्रत्येक रोपाला नंबर. "लाइन दोनचा नंबर तीन आठवडाभर गप्प आहे," असं त्या जेवताना काळजीनं सांगायच्या. भोपळ्याच्या फुलात मधमाशी बसली असली की तिथं हात घालायचा नाही, लाइन एंगेज आहे.

वाफ्यांच्या कडेच्या विटा ह्यांनी बसवल्या. हे इमारतींच्या कामावर ओव्हरसियर होते. दुसऱ्याच्या भिंतीत एक वीट सुताभर सरकलेली दिसली तर अख्खी भिंत पाडायला लावणारा माणूस. बहिणीच्या बागेच्या विटांना त्यांनी गवंड्याला हातसुद्धा लावू दिला नाही. आल्यागेल्याला ते फळं दाखवण्याआधी विटा दाखवायचे.

चार वर्षांपूर्वी वन्संचे डोळे गेले. एकदम नाही. आधी समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. मग कानही गेले. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी त्या घरी आल्या, सुतळीचं बंडल मागून घेतलं आणि प्रत्येक लाइनच्या कडेनं, कमरेएवढ्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली. तिला धरून त्या बागेत फिरायच्या. मी कधी त्या सुतळीकडे नीट पाहिलं नाही. मला मातीत जायला आवडत नाही, नखांत जाते.

आणि थंडी संपता संपता त्या पडल्या. लाइन दोनपाशी. डावं मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. ह्यांनी त्यांना उचलून घरात आणलं. त्या रात्री मीच म्हणाले, "सगळ्या परसात फरशी घालून टाका. पडायला जागाच नको." हे मी म्हणाले, दुसऱ्या कुणी नाही. ह्यांना मोकळी जमीन दिसली की हात शिवशिवतातच. दुसऱ्या दिवशी फरशीवाल्याशी बोलणं झालं.

वन्सं भांडल्या नाहीत. "झाडांवर माल आहे तोवर थांब," एवढंच म्हणाल्या. ह्यांनी मान्य केलं. उन्हाळा सरत आला तशी बाग अशी काही फळाला आली की नजर ठरत नव्हती. टोमॅटोच्या काठ्या वाकल्या, काकड्या मांडवातून लोंबायला लागल्या. आणि प्लास्टर निघून गेलेला डावा हात टेबलावर ठेवून वन्सं ह्यांना म्हणाल्या, "मला एक रविवार दे. सगळा माल मी एकटी काढते. कुणी हात लावायचा नाही, कुणी सांगायचं नाही. एक फळ कच्चं निघालं किंवा माझा पाय अडखळला, तर घाल फरशी. मी परत विषय काढणार नाही."

"आणि नाही अडखळला तर?"

"तर तू विषय काढायचा नाहीस."

ह्यांनी फरशीवाल्याला त्याच रविवारी माप घ्यायला बोलावून ठेवलं. दुष्टपणानं नाही. बहीण पुन्हा पडेल या भीतीनं माणूस तीन महिने नीट झोपला नव्हता.

शनिवारी वन्संनी बागेकडे फिरकायचं नाही असं ठरवलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडू नये म्हणे. दुपारी त्या झोपल्यावर मी सहज मागच्या दारात जाऊन उभी राहिले. फरशीचं मी बोलून बसले होते, ते मला खात होतं. काहीतरी मदत करावी असं वाटत होतं. बघते तर सुतळी काळी पडलेली, विरलेली आणि जागोजागी गाठीच गाठी. मला वाटलं, तुटली तिथं तिथं जोडली असेल बिचारीनं. उद्या ऐन वेळी तुटली तर? मी सरळ दुकानात गेले, निळी नायलॉनची दोरी आणली आणि पाचही लाइनींची सुतळी काढून नवी दोरी ताणून बांधली. एक गाठ नाही, एक सुरकुती नाही. जुनी सुतळी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात धुऊन, स्वतःवर खूश होऊन चहा केला.

रविवारी सकाळी हे मागच्या पायरीवर बसले. शेजारी टेप घेऊन फरशीवाला. मी दारात. वन्संनी पदर खोचला, चप्पल काढली, एका हातात टोपली घेतली आणि लाइन एकपाशी जाऊन दोरीवर हात ठेवला.

हात थोडा पुढे सरकला. थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. आणि त्यांची बोटं दोरीवर काय शोधताहेत ते मला त्या क्षणी कळलं. प्रत्येक रोपासमोर एक गाठ होती. पाचव्या रोपासमोर दोन. चार वर्षं त्या गाठी मोजत बाग चालवत होत्या, आणि मी ती सगळी बाग उकलून कचऱ्यात टाकली होती. मी पायरी उतरून दोन पावलं पुढे गेले.

"वन्सं, मी..."

"कुणी सांगायचं नाही असं ठरलंय," त्या माझ्याकडे न वळता म्हणाल्या. "एक्स्चेंज बंद आहे वाटतं आज. हरकत नाही. एका वादळात आमचा बोर्ड दोन दिवस मेला होता. दिवे नाहीत, नंबर नाहीत. मी आवाजावर काम काढलं."

त्यांनी दोरी सोडून दिली.

अनवाणी पाऊल विटांच्या कडेला लावून त्या खाली बसल्या आणि पहिल्या टोमॅटोत हात घातला. त्यांचा हात आधी खोडावरून वर जायचा, मग फांदीवरून फळावर. फळाला तळव्यात घेऊन किंचित वर उचलायचं. पिकलेला टोमॅटो देठाच्या सांध्यावर आपणहून सुटतो, कच्चा धरून ठेवतो. टक् असा बारीक आवाज यायचा आणि टोमॅटो टोपलीत. धरून ठेवणाऱ्याला त्या "नंतर करा" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. "हा एक नंबर, काटकुळा. ही दोन नंबर, हिला फांद्याच फार, बोलत सुटते. तीन नंबरचा कायम घसा बसलेला." मी त्यांच्याबरोबर तेवीस वर्षं राहिले आणि मला टोमॅटोची दोन रोपं एकमेकांपासून वेगळी सांगता आली नसती.

लाइन दोनपाशी आल्यावर एका जागी त्यांनी पाऊल उचलून जपून पलीकडे टाकलं. ही पडलेली जागा. अजून धसका आहे, मला वाटलं. ह्यांच्याही कपाळावर आठी आली. पण त्या पुढे गेल्या. वांग्यावर अंगठा दाबला आणि साल परत फुगून वर आली की वांगं तयार. घेवड्याची शेंग वाकवली की काडकन मोडायला हवी, आत दाणा हाताला लागला तर ती बियाण्याला ठेवायची. काकडीवरचे काटे बोटानं गळून पडले की तोडायची. अंजिराच्या फांदीखाली त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि मान टाकलेली अंजिरं तेवढी हातात आली. टोपल्या भरत होत्या, मी रिकाम्या आणून ठेवत होते, एवढी परवानगी होती. फरशीवाल्यानं टेप कधी खिशात टाकला ते कुणी पाहिलं नाही.

ह्यांनी टोमॅटो तपासले. वांगी तपासली. घेवड्याच्या शेंगा मोडून पाहिल्या. खुसपट काढायला एक मिरची मिळाली नाही. मग म्हणाले, "ताई, हे सगळं हाताला कळतं. कलिंगडाचं काय? कलिंगड विकणारासुद्धा फसतो."

"मग तूही एक निवड," वन्सं म्हणाल्या. "डोळे उघडे ठेवून."

हे लाइन चारमध्ये गेले, सगळी कलिंगडं फिरून पाहिली, चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि सगळ्यात मोठं, हिरवंगार उचललं. वन्सं वेलावर गुडघे टेकून बसल्या. एका वेलाचा माग काढत बोटं निघाली, दुसऱ्या वेलात शिरली, परत आली. कलिंगडाचे वेल एकमेकांत इतके गुंतलेले असतात की मला तर एकच मोठी चटई दिसत होती. मी मनात म्हणत होते, एवढं एक सापडू दे. पाच मिनिटं गेली असतील. मग त्यांची बोटं एका देठाजवळ थांबली. तिथली वेलीची कुरळी तार वाळून काडीसारखी झाली होती.

"लाइन चार, नंबर सात," त्या म्हणाल्या. "हॅलो." आणि कलिंगडावर एकदा टिचकी मारली. भद्द आवाज आला. मध्यम आकाराचं, एका बाजूला चपटं, दुकानात मी हातही लावला नसता असं ते कलिंगड त्यांनी कडेवर घेऊन आणलं.

मी पायरीवरच सुरी आणली. ह्यांचं आधी कापलं. आत पांढरटसर गुलाबी, बिया कोवळ्या, पांढऱ्या. वन्संच्या कलिंगडाला सुरीचं टोक लावलं तर ते आपणहून तडकत गेलं, शेवटपर्यंत. आत सालीला टेकलेला लालभडक गर. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. फरशीवाल्यानं न विचारता फोड उचलली, मग दुसरी, मग तिसरी. तोंड पुसून तो ह्यांना म्हणाला, "साहेब, माप राहू द्या."

मग मी सांगून टाकलं. सुतळी, गाठी, नायलॉन, सगळं. हे माझ्याकडे बघतच राहिले.

"हात लावला तेव्हाच कळलं," वन्सं बी थुंकत म्हणाल्या. "दोरीला भांड्यांच्या साबणाचा वास. आणि या घरात उगाच नीटनेटकं करायची खोड दुसऱ्या कुणाला आहे, वहिनी?"

"ताई," हे म्हणाले. "फरशीचा विषय संपला. पण मला तुझी भीती वाटते गं. पुन्हा पडलीस तर?"

वन्संनी कलिंगडाची साल खाली ठेवली. हात पुसले. "लाइन दोन. कडेची तिसरी वीट. पाय ठेव तिच्यावर."

हे गेले. पाय ठेवला. वीट डुगडुगली. त्यांनी पाय काढला आणि पुन्हा ठेवला. वीट पुन्हा डुगडुगली. सकाळी वन्संनी पाऊल उचलून ओलांडली होती तीच ती.

"त्या दिवशी मला डोळ्यांनी नाही पाडलं," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या विटेनं पाडलं."

अख्ख्या भिंती पाडायला लावणारा माणूस खाली वाकून त्या एका विटेकडे बघत उभा होता. "तीन महिने बोलली का नाहीस?"

"तेव्हा बोलले असते तर सबब वाटली असती. आज आधी माल काढला, मग बोलले."

फरशीवाला उठून गाडीतली थापी आणि सिमेंटचं घमेलं घेऊन आला. हे विजार गुडघ्यांपर्यंत दुमडून मातीत बसले. मी वन्संशेजारी दोरीचं टोक धरून बसले आणि त्या सांगतील तिथं गाठी मारायला लागले. नायलॉनवर साधी गाठ सरकते, दुहेरी मारावी लागते. नखांत माती गेली ती गेलीच. "लाइन एक, नंबर एक," वन्सं म्हणायच्या. मी गाठ मारून म्हणायचे, "जोडून दिला." एकतीस वर्षं बोर्ड चालवलेल्या बाईला त्याचं एवढं हसू यायचं की दर वेळी पुढचा नंबर सांगायला तिला वेळ लागायचा.

तासाभरानं ह्यांनी खालून हाक मारली, "ताई, बसली बघ तिसरी. बाकीच्यांवरून एकदा चालून बघतेस?"

वन्सं उठल्या. अनवाणी विटांवरून चालत लाइन दोनच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"तिसरी पक्की आहे," त्या म्हणाल्या. "पाचवी काढ."

हे पाचवीपाशी सरकले.