पहिल्या हाकेला ओ देणारा

"हळू बोला भाऊ, ते आयकून राह्यलं," असं म्हणत बाई टीव्हीवर दुपट्टा टाकायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं संशयी माणूस असेल. पण बाईंच्या संशयात अक्कल होती, हे मला उशिरा कळलं.

मूल गावच्या बाजारात मासोळ्या विकून त्यांनी एकटीनं मुलीला शिकवलं. मी बोलण्यावर चालणारे टीव्ही बनवणाऱ्या कंपनीत कामाला. आमच्या टीव्हीला पुण्याची मराठी कळायची, बाईंच्या भागातली झाडी बोली कळेना. म्हणून चाचणीचा एक टीव्ही बाईंच्या घरी बसवला.

पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला हाक मारली. तो लगेच "बोला" म्हणाला. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"पयल्या हाकेले ओ देते, ते मानूस नसते भाऊ. जंगलात भूतबी हाक मारते, म्हनून आमी तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाई."

"मशीन आहे ती, बाई."

"मंग आयकलेलं सांगते कोनाले?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो. धडधडीत खोटं. चाचणीतलं बोलणं ऑफिसात आम्हीच ऐकायचो. पण खरं सांगितलं असतं तर टीव्ही त्याच दिवशी अंगणात आला असता.

मग बाईंनी त्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. अचानक हाक मारायची, त्यानं ओ दिली की काम काहीच सांगायचं नाही. "पाहा, कसं टपून बसलं हाये!" असं म्हणून शेजारणीशी बोलत बसायचं. टीव्ही बिचारा हुकुमाची वाट पाहत ऐकतच राहायचा. असं कोणी वागेल हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

एक दिवस ऑफिसात त्यांचा आवाज कानावर आला, शेजारणीला सांगत होत्या. "छातीत लई दुखते वं. पोरीले सांगू नको, नोकरी सोडून येईन ते." मग रडणं.

गप्प बसावं तर बाईंचा जीव, बोलावं तर माझं खोटं उघडं. शेवटी मुलीला फोन केला. तिनं त्यांना नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं, बाई वाचल्या.

मी भेटायला गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आनखी काय काय आयकलं, भाऊ?"



आता बाई मुलीकडेच असतात. मला त्यांची फार आठवण येते, म्हणून अधूनमधून फोन लावतो. त्या उचलतात. मी तब्येत विचारतो, माफी मागतो, मूलच्या बाजारातलं काहीबाही सांगतो. पलीकडे नुसता श्वास. माझं बोलणं संपेपर्यंत त्या सगळं ऐकून घेतात, आणि एक शब्दही न बोलता फोन ठेवतात.